न पाहतां पट पाहणारा फिलिदोर

बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर आला कीं पटाशेजारीं मेलेल्या मोहऱ्यांची एक लहानशी रास जमते. नवशिका खेळाडू त्या राशीकडे सहसा ढुंकूनहि पाहत नाहीं. आपला वजीर कोठें उभा आहे हें त्यास ठाऊक असतें. परंतु प्रतिपक्षाचा दुसरा घोडा जिवंत आहे कीं मेला, असें त्यास एकाएकीं विचारलें तर तो गोंधळून पट न्याहाळूं लागतो, आणि पुष्कळदां त्याच विसरलेल्या घोड्यानें दोन खेळींनंतर त्याच्या वजिरावर झडप घातलेली असते. शत्रूजवळ काय उरलें आहे व तें कोठें आहे, याचा हिशेब डाव संपेपर्यंत मनांत जागता ठेवणें हें या खेळांतील अर्धें कौशल्य होय, असें आम्हांस वाटतें. पट डोळ्यांसमोर असतांना जें आपणांस साधत नाहीं, तें पटाकडे न पाहतां, आणि तेंहि एकाच वेळीं तीन पटांवर, जो साधीत असे, अशा एका पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहोंत.

फ्रान्स्वा आंद्रे दानिकां फिलिदोर याचा जन्म फ्रान्स देशांतील द्र्यो या गांवीं इ. स. १७२६ च्या सप्टेंबर महिन्यांत झाला. त्याचें घराणें वाजंत्र्यांचें. मूळ आडनांव दानिकां. त्याच्या एका पूर्वजाचें वाद्यवादन ऐकून तेराव्या लुई राजास फिलिदोरी नामक एका इटालियन वादकाची आठवण झाली व त्यानें तेंच नांव कौतुकानें त्यास दिलें, अशी कथा सांगतात. बाप राजाच्या संगीतग्रंथालयाचा रक्षक होता. तो फ्रान्स्वा लहान असतांनाच, म्हणजे १७३० त, वारला. सावत्र भाऊ आन यानें पॅरिस शहरांत १७२५ त सार्वजनिक संगीतसभांची एक नामांकित संस्था काढली होती. तेव्हां हा मुलगा गाणें शिकणार हें उघडच होतें. सहाव्या वर्षीं त्याची व्हर्साय येथील राजाच्या प्रार्थनामंदिरांतील गायकवृंदांत नेमणूक झाली, आणि बारा वर्षांचा होतो न होतो तोंच त्यानें रचलेलें एक धार्मिक गीत राजापुढें गाइलें गेलें.

याच मंदिरांत त्यास बुद्धिबळाची गोडी लागली. उपासनेची वेळ होईपर्यंत सुमारें ऐंशी गायकवादक तेथें ताटकळत बसत. राजवाड्याच्या त्या भागांत पत्ते खेळण्यास मनाई होती. म्हणून त्यांनीं एक लांब मेज करवून त्यावर बुद्धिबळाचे सहा पट जडविले होते. लहान फ्रान्स्वा या मेजाभोंवतीं घोटाळत खेळ पाहत राही. एके दिवशीं एक वृद्ध वादक जोडीदाराची वाट पाहत बसला असतां मुलानें भीत भीत आपण खेळूं का, असें विचारलें. म्हातारा हंसला, परंतु थोड्याच वेळांत त्याचें हंसूं मावळलें. डाव आपण जिंकणार असें दिसतांच मुलाचें अर्धें लक्ष पटावर व अर्धें दाराकडे लागलें, आणि मात देतांच तो धूम पळाला, अशी गोष्ट आहे. आमच्या बालवाचकांपैकीं ज्यांनीं आजोबांना हरविलें असेल त्यांना यांतलें मर्म कळेल.

चौदाव्या वर्षीं कंठ फुटला व त्याची मंदिरांतील नोकरी संपली. १७४० त तो पॅरिसला आला. तेथें शिकवण्या करणें व संगीताच्या प्रती उतरून देणें हा त्याचा उपजीविकेचा धंदा. परंतु मन मात्र काफे द ला रेजांस या नामांकित कॉफीगृहांत गुंतलें. त्या काळचे उत्तमोत्तम बुद्धिबळपटू तेथें जमत. शिकवणीची वेळ टळूं लागली. शिष्य एकेक करून दुसऱ्या गुरूकडे गेले. बुद्धिबळानें पोरें बिघडतात असें म्हणणाऱ्या पालकमंडळींस येथें एक चांगला दाखला मिळतो, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. त्या कॉफीगृहांत लेगाल नांवाचे गृहस्थ सर्वश्रेष्ठ गणले जात. त्यांनीं फिलिदोरला शिष्य केलें. प्रारंभीं लेगाल आपला एक हत्ती आधींच पटावरून काढून ठेवून खेळत. तीन वर्षांत शिष्य गुरूच्या बरोबरीस आला.

एकदां लेगाल यांनीं त्यास विचारलें कीं, पट न पाहतां केवळ स्मरणावर खेळून पाहिलें आहे काय? लेगाल यांनीं स्वतः तसा एक डाव खेळला होता. फिलिदोरनें सांगितलें कीं, रात्रीं बिछान्यावर पडल्या पडल्या आपण सबंध डाव मनांतल्या मनांत खेळत असतों, तेव्हां तें साधावें असें वाटतें. लगेच आबे शनार नामक धर्मगुरूशीं डाव मांडला गेला. फिलिदोर पटाकडे न पाहतां खेळला व न अडखळतां जिंकला. पुढें १७४४ त, अठरा वर्षांचा असतांना, त्यानें असे दोन डाव एकाच वेळीं खेळून दाखविले, आणि सारें पॅरिस थक्क झालें.

या दोन डावांची हकीकत दिदेरो याच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या सुप्रसिद्ध फ्रेंच ज्ञानकोशांत दिली आहे. तींतील एक प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. एका डावाच्या मध्यावर त्याची परीक्षा पाहण्यासाठीं प्रतिपक्षानें मुद्दाम नियमबाह्य खेळी केली. फिलिदोरला ती दिसणें शक्यच नव्हतें. डाव तसाच चालू राहिला. बऱ्याच खेळी होऊन गेल्यावर त्यानें ती चूक ओळखली, आणि तो मोहरा जेथें असावयास हवा होता तेथें परत ठेवावयास लाविला.

पाठांतर करणारा मनुष्य ऐकलेल्या खेळी क्रमानें म्हणून दाखवील. आपल्याकडील अवधानी लोकांच्या प्रयोगांतहि इतर अवधानांबरोबर बुद्धिबळाचा एक डाव असतो, हें पुष्कळांस माहीत आहे. परंतु नुसत्या पाठांतरानें खोटी खेळी सांपडत नाहीं. ती सांपडण्यास आंत एक दुसरा पट असावा लागतो, आणि बाहेरचा पट व आंतला पट यांचा मेळ खेळीगणिक घालावा लागतो. ज्या घरांत प्रतिपक्षाचा मोहरा असूंच शकत नाहीं तेथून तो मार करूं लागला, म्हणजे दोहोंपैकीं एक हिशेब चुकला. अशा वेळीं बहुतेक मनुष्यें आपलीच स्मृति चुकली असें समजून गप्प बसतील. फिलिदोरचा आपल्या जमाखर्चावर इतका विश्वास होता कीं, डोळ्यांनीं पाहणारे चुकले आहेत असें म्हणण्यास तो कचरला नाहीं. अठराव्या वर्षीं मोठ्या लोकांच्या भरल्या सभेंत एवढें धैर्य दाखविणें ही गोष्टहि लहान नव्हे.

आतां हा जमाखर्च कसा ठेवावयाचा, हें थोडें पाहूं. बाजू दोन, प्रत्येकीचे सोळा मोहरे, घरें चौसष्ट. प्रत्येक मोहऱ्याच्या अंगीं कांहीं बंधनें आहेत, आणि तीं बंधनेंच स्मृतीला आधार देतात. काळ्या घरांतला उंट मरेपर्यंत काळ्याच घरांत फिरणार. तेव्हां शत्रूचा तोच एक उंट उरला असेल तर बत्तीस घरांस त्याची भीति नाहीं. घोडा दर उडीस घराचा रंग बदलतो. मेलेला मोहरा परत येत नाहीं. केवळ शेवटच्या घरास पोहोंचलेलें प्यादेंच नवें रूप घेतें. आणि प्यादें तर कधींच मागें सरत नाहीं.

या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व फिलिदोरनें जगाला दाखवून दिलें. परंतु त्यापूर्वीं त्यास बरेंच भटकावें लागलें. १७४५ त तो जेमिनियानी या प्रसिद्ध सारंगीवादकाबरोबर संगीताचे जलसे करण्यासाठीं हॉलंडांत जावयाचा होता. तेरा वर्षांची एक गुणी बालिका त्या जलशांत वाद्य वाजविणार होती. फिलिदोर पुढें गेला, आणि मागें त्या बालिकेचें निधन झालें. जलसे बारगळले, तो परक्या मुलखांत जवळजवळ निष्कांचन अडकला. त्यानें पोट भरलें तें बुद्धिबळावर व ड्राफ्ट या खेळाच्या पोलिश प्रकारावर. ज्या व्यसनानें शिकवण्या घालविल्या त्यानेंच आतां भाकर दिली.

तेथून तो १७४७ त लंडनला गेला. सेंट मार्टिन्स लेनमधील स्लॉटर यांच्या कॉफीगृहांत त्याची गांठ फिलिप स्टामा याच्याशीं पडली. स्टामा हा सीरियांतील अलेप्पोचा रहिवासी. इंग्लंडच्या राजाच्या पदरीं पौर्वात्य भाषांचा दुभाष्या होता. पटावरील प्रत्येक घरास एक अक्षर व एक आंकडा देऊन नांव ठेवण्याची जी पद्धति आज सर्वत्र चालते, ती त्यानें १७३७ त छापलेल्या आपल्या ग्रंथांत योजिली होती. आपल्या हिंदुस्थानांतून इराणांत व तेथून अरबांकडे गेलेल्या विद्येचा तो वारसदारच म्हणावयाचा. फिलिदोरनें त्यास पहिल्या खेळीचा मान दिला, आणि बरोबरींत सुटलेला डाव आपण हरलों असें धरण्याचें कबूल केलें. तरीहि दहांपैकीं आठ डाव त्यानें जिंकले.

पुढच्याच वर्षीं त्यानें आपला ग्रंथ लिहिण्यास घेतला. इंग्रज सैन्याची छावणी हॉलंडांत आइंडहोवनजवळ पडली होती. तेथें सेनापति कंबरलंडचे ड्यूक यांनीं पन्नास प्रतींची वर्गणी भरली व आपल्या अधिकाऱ्यांसहि भरावयास लाविली. १७४९ त लंडन येथें ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हां ग्रंथकार अवघा बावीस वर्षांचा होता. तोंपर्यंतचे ग्रंथकार वजीर, घोडे व उंट यांच्या चमकदार हल्ल्यांत दंग असत. प्यादीं म्हणजे मरण्यासाठीं पुढें केलेली भरताड, अशी समजूत होती. फिलिदोरनें सांगितलें कीं, डावाचें सारें जीवित प्याद्यांच्या मांडणींत आहे. हल्ला व बचाव यांचें भवितव्य तींच ठरवितात. प्रत्येक खेळीमागील कारणें फोडून सांगणारा ग्रंथहि तोंवर विरळाच होता.

येथें आमचा एक तर्क आम्ही वाचकांपुढें ठेवतों. प्याद्यांवर भर देणारा हा पुरुषच न पाहतां खेळण्यांत अद्वितीय ठरला, हा केवळ योगायोग नसावा. मोठे मोहरे सारखे हालतात. प्यादीं हळू हालतात, आणि जीं एकमेकांना अडवून बसतात तीं कित्येक खेळी तशींच राहतात. घराच्या भिंती जशा, तशा त्या प्याद्यांच्या रांगा. भिंती ज्याला पक्क्या ठाऊक आहेत तो अंधारांतहि घरांत चांचपडत नाहीं. माणूस कोणत्या दारानें येऊं शकेल व कोणत्या नाहीं, हें त्यास कळतें. शत्रूच्या उरलेल्या हत्तीला वाट कोणती मोकळी आहे हें जाणण्यास आधीं प्यादीं जाणलीं पाहिजेत.

डाव सरत आला आणि पटावर चारपांचच मोहरे उरले, म्हणजे कोणाकडे काय उरलें या प्रश्नाचें उत्तर निकालच ठरवितें. फिलिदोरनें या अवस्थेचाहि कसून अभ्यास केला. एकाकडे राजा, हत्ती व उंट आणि दुसऱ्याकडे राजा व हत्ती असतां बलवान् पक्ष कोणत्या स्थितींतून खात्रीनें जिंकतो, हें त्यानें पहिल्या आवृत्तींतच दाखविलें. १७७७ च्या वाढविलेल्या आवृत्तींत हत्ती व एक प्यादें विरुद्ध नुसता हत्ती, या झुंजींतील बचाव आहे. दुर्बळ पक्षानें आपला राजा प्याद्याच्या वाटेंत ठेवावा व हत्ती आपल्या बाजूकडून तिसऱ्या ओळींत उभा करावा. म्हणजे शत्रूच्या राजाला पुढें येतां येत नाहीं. राजाला आडोसा मिळावा म्हणून शत्रूनें त्या ओळींत प्यादें ढकललें, कीं हत्तीनें लगेच पटाच्या दुसऱ्या टोंकास जाऊन मागून शहावर शह द्यावेत. आडोसा तर आतां उरलाच नाहीं. डाव बरोबरींत सुटतो. बुद्धिबळ खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ही स्थिति आज रात्रीं पट घेऊन मांडून पाहावी. आजहि ती फिलिदोरच्याच नांवानें शिकविली जाते.

१७५१ त तो प्रशियांत गेला. पॉट्सडॅम येथें फ्रेडरिक राजानें त्याचा खेळ पाहिला, आणि बर्लिन येथें त्यानें न पाहतां तीन डाव एकत्र खेळले. थोर गणिती ऑयलर तेव्हां बर्लिनांत होता. फिलिदोरशीं खेळण्याची त्याची इच्छा मात्र राहून गेली. १७५४ त फिलिदोर मायदेशीं परतला व पुन्हां संगीताकडे वळला. त्याचीं विनोदी संगीत नाटकें पॅरिसमध्यें फार लोकप्रिय झालीं. १७६४ त मांत्रिकाच्या कथेवरील नाटक संपल्यावर प्रेक्षकांनीं रचनाकारास रंगभूमीवर येण्याचा आग्रह धरला. पॅरिसच्या रंगभूमीवर असा मान मिळविणारा तो पहिलाच संगीतकार, असें म्हणतात. पुढच्या वर्षीं फील्डिंगच्या टॉम जोन्स या कादंबरीवरील नाटक झालें. या कर्तृत्वास स्वतंत्र लेखच पाहिजे. येथें इतकेंच सांगतों कीं, त्याच्या काळच्या पॅरिसवासीयांस तो आधीं संगीतकार व मग बुद्धिबळपटू म्हणून ठाऊक होता. १७६० त त्याचा विवाह झाला. संसार वाढला, मुलेंबाळें झालीं, आणि नाटकांचें उत्पन्न पुरेनासें झालें.

म्हणून १७७५ पासून दरवर्षीं फेब्रुवारी ते जून हा काळ तो लंडनांत घालवूं लागला. सेंट जेम्स स्ट्रीटवरील पार्स्लो यांच्या जागेंत एक बुद्धिबळमंडळ निघालें होतें. त्याचे सभासद त्याच्या शिकविण्याबद्दल द्रव्य देत. तेथेंच त्याचे न पाहतां खेळण्याचे प्रयोग होऊं लागले. त्यांपैकीं एका तीन डावांच्या प्रयोगाचा वृत्तांत उपलब्ध आहे. समोर सॅक्सनीचे वकील काउंट ब्रूल व मिस्टर बाउडलर हे लंडनांतील दोन अग्रगण्य खेळाडू, आणि तिसरे मिस्टर मॅसेरेस. ब्रूल एक तास वीस मिनिटांत हरले, मॅसेरेस दोन तासांत. बाउडलर यांचा डाव पावणेदोन तासांनीं बरोबरींत सुटला. तीन पट म्हणजे १९२ घरें व ९६ मोहरे, आणि शिवाय कोणत्या पटावर काय मेलें याचें भान. पट पाहून खेळणाऱ्यांच्या चुका तो अनेकदां दुरुस्त करी, असें तत्कालीन वृत्तपत्रानें नमूद केलें आहे. पुढें हा विक्रम पुष्कळच मागें पडला. २०१६ त तर लास व्हेगास येथें एका ग्रँडमास्टरनें असे ४८ डाव एकत्र खेळले. परंतु वाट पाडणारा व वाटेवरून धांवणारा यांची तुलना करण्यांत अर्थ नाहीं.

या प्रयोगांची वार्ता पॅरिसला पोहोंचली, तेव्हां ज्या दिदेरोच्या ज्ञानकोशांत फिलिदोरच्या तारुण्यांतील पराक्रम वर्णिला गेला होता, तोच दिदेरो चिंतेंत पडला. एप्रिल १७८२ त त्यानें मित्रास एक कळकळीचें पत्र धाडलें. मोठी रक्कम मिळत असती तर एक वेळ गोष्ट वेगळी. पण केवळ वाहवेसाठीं आपली बुद्धि व गुण पणास लावणें हा वेडेपणा आहे, संगीत लिहावें आणि हा नाद सोडावा, असा त्याचा आशय होता. त्यानें वृद्ध लेगाल यांची साक्षहि काढली. तारुण्यांत पट न पाहतां एक डाव खेळल्यावर आपलें डोकें इतकें थकलें कीं तो पहिला व शेवटचाच ठरला, असें लेगाल यांनीं दिदेरोस सांगितलें होतें. ज्या गुरूनें ही विद्या सुचविली त्यानेंच ती एका डावांत टाकून दिली होती.

फिलिदोरनें ऐकलें नाहीं. लोक समजतात तितका शीण मला यांत होत नाहीं, अशा अर्थाचें त्यानें घरीं पत्नीस कळविलें. आम्हांस दिदेरोचा स्नेह समजतो. पण त्याची भीति अनाठायीं होती. फिलिदोरची बुद्धि अखेरपर्यंत शाबूत राहिली. प्रयोगाच्या वेळीं तो हंसतबोलत असे, असें सांगतात. ज्याच्या मस्तकावर असह्य भार पडला आहे त्याची ही रीत नव्हे. आणि तो केवळ वाहवेसाठीं खेळत होता, हें म्हणणेंहि पुरतें न्यायाचें नाहीं. पॅरिसमध्यें एक घर त्या लंडनच्या पैशाकडे डोळे लावून बसलेलें असे.

शेवटीं त्याचा घात केला तो या खेळानें नव्हे. १७८९ त फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. १७९२ च्या अखेरीस तो नेहमींप्रमाणें लंडनांत आला, आणि १७९३ च्या फेब्रुवारींत फ्रान्स व इंग्लंड यांच्यांत युद्ध जुंपलें. देश सोडून पळालेल्यांच्या सरकारी यादींत त्याचें नांव चढलें. ज्यानें राजकारणांत कधीं लक्ष घातलें नाहीं, तो वृद्ध वाजंत्री आपल्याच देशाचा अपराधी ठरला. बायकामुलें पॅरिसला, हा लंडनला; मध्यें समुद्र आणि दोन सरकारांचें वैर. कुटुंबीय त्याचें नांव यादींतून काढविण्याची खटपट करीत राहिले. इकडे तो मंडळांत येई, शिकवी, आणि अधूनमधून पटाकडे न पाहतां खेळे. २० जून १७९५ रोजीं, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं, त्यानें असा शेवटचा प्रयोग केला. परतीची परवानगी आली नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत लंडन येथें त्याचें देहावसान झालें. तेव्हां त्याचें कुटुंब पॅरिसमध्येंच होतें.